पुणे ते नागपूर, मुंबईमार्गे

स्वतः विमानात बसायच्या आधी सहा वर्षं मी दुसऱ्यांना विमानात बसवत होते. पिंपरीतल्या एका कंपनीत मी टायपिस्ट म्हणून लागले आणि वर्षभरातच मला प्रवास विभागात टाकलं. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक टेलिफोन, एक लोखंडी कपाट आणि आमचे साहेब. साहेब पन्नाशीचे, एकटे राहणारे, दर तासाला डबी उघडून बडीशेप खाणारे. कंपनीचे इंजिनियर आणि वरचे अधिकारी कामासाठी दिल्ली, मद्रास, कलकत्ता असे हिंडायचे. त्यांची तिकिटं काढायची आणि प्रत्येकाच्या हातात एक टाइप केलेलं प्रवासपत्रक द्यायचं, हे आमचं काम.

पत्रकात पाच रकाने असायचे. कुठून, कुठे, अंतर, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ. विमान कंपनीचं जाडजूड वेळापत्रक समोर ठेवून मी ते भरायची. पुढे पुढे वेळापत्रक उघडायचीही गरज उरली नाही. पुणे ते मुंबई हवेतून सव्वाशेच्या आत किलोमीटर, अर्धा तास. मुंबई ते नागपूर सातशेच्या जरा अलीकडे, सव्वा तास. जिन्यात एखादा अधिकारी भेटायचा आणि चालता चालता विचारायचा, “बाई, मद्रासला किती वेळ?” मी न थांबता सांगायची. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मी मूळची नागपूरची. बाबा तिथे शाळेत भूगोल शिकवायचे. लग्न होऊन मी चिंचवडला आले. हे भोसरीच्या वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर कामाला होते. आमच्या दोन खोल्या, मूलबाळ नाही, दोघांच्या नोकऱ्या. बाबा निवृत्त झाल्यावर दादा-वहिनींजवळ राहत होते. आई मी शाळेत असतानाच गेलेली.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी बाबांचं पत्र आलं. चार महिने तुझ्याकडे येऊन राहावं म्हणतो. इथे करमत नाही. मी ते पत्र तीनदा वाचलं. बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. डाळीत मीठ कमी का, खिडकी अशीच का उघडी, शब्द असाच का उच्चारला, दिवसभर चालायचं. नोकरी करून, पाण्याच्या वेळा सांभाळून, वर त्यांचं बोलणं ऐकणं मला झेपेल असं वाटेना. मी लिहिलं, जागा लहान आहे, यांची शिफ्ट बदलती आहे, आत्ताच नको, पुढच्या दिवाळीनंतर या.

उलट टपाली पोस्टकार्ड आलं. पत्ता नीट, तारीख नीट, मजकूर एका शब्दाचा. “ठीक.”

यांनी कार्ड हातात घेऊन म्हटलं, “अगं, येऊ द्यायचं होतंस. मी बाहेरच्या खोलीत झोपलो असतो.”

“तुम्हाला माहीत नाहीत ते,” मी म्हटलं.

दिवाळी आली आणि गेली. मी बोलावलं नाही, त्यांनी विचारलं नाही. पत्रं येत राहिली, पण त्यात हवापाणी आणि दादाच्या मुलांचे मार्क. अशी दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी नागपूरला गेले नाही. रजा नव्हती असं मी स्वतःला सांगत असे, पण रजा होती.

ऑगस्टातली गोष्ट. दुपारच्या जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि गेटवरचा वॉचमन तार घेऊन वर आला. तार माझ्या नावाची होती. वडील गंभीर, ताबडतोब निघा. एवढंच, इंग्रजीत. साहेबांनी तार माझ्या हातातून घेतली, वाचली, आणि नागपूरचा ट्रंक कॉल लावायला सांगितला. दादाच्या ऑफिसात फोन होता. तासाभरानं लागला.

“लकवा मारला,” दादा ओरडून बोलत होता, कारण आवाज तुटत होता. “उजवी बाजू गेली. बोलतात, पण अडखळत. डॉक्टर म्हणतात पुढचे दोन दिवस महत्त्वाचे. तू निघ.”

“निघते,” मी म्हटलं. “सांग त्यांना, मी येतेय.”

फोन ठेवला आणि मी कपाटातून रेल्वेचं आणि विमानाचं वेळापत्रक काढलं. रडू येत नव्हतं. हात आपोआप पानं उलटत होते. संध्याकाळी सातला पुण्याहून दौंड-मनमाडमार्गे जाणारी गाडी होती, ती दुसऱ्या दिवशी साडेचार-पाचला नागपूरला पोचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लोहगावहून मुंबईचं विमान होतं, ते आठ-सव्वाआठला मुंबईत. तिथून साडेअकराला नागपूरचं, ते पाऊण-एकला नागपुरात. मी कागदावर दोन्ही उतरवलं. विमानानं जवळजवळ चार तास आधी.

“चार तास वाचतात, साहेब,” मी म्हटलं.

साहेबांनी बडीशेपेची डबी उघडली आणि तशीच बंद केली. “बाई, पत्रकातले तास वेगळे आणि वाटेतले वेगळे. पावसाचे दिवस आहेत. आज संध्याकाळची गाडी धरा. गाडी हळू जाते, पण जात राहते.”

“डॉक्टरांनी दोन दिवस सांगितलेत. त्यात चार तास पुष्कळ झाले.”

साहेबांनी स्वतः फोन उचलून विमान कंपनीच्या ऑफिसात जागेची चौकशी केली. दोन्ही विमानांत एकेकच जागा होती. त्यांनी ती धरून ठेवायला सांगितली.

घरी आले तेव्हा हे पहिल्या शिफ्टवरून नुकतेच आले होते, हाताचं तेलही निघालं नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं. “सातची मिळते की. चल, दोघं निघू. कपडे कोंब पिशवीत.”

मी त्यांच्यापुढे कागद धरला. ते वाचायला वेळ लावत होते, आणि मला त्या वेळाचाही राग येत होता.

“एकच जागा आहे,” मी म्हटलं. “मी विमानानं जाते. तुम्ही गाडीनं या. मी तुमच्या आधी पोचते.”

“आणि आज रात्रभर तू इथं काय करणार?”

“काय करणार म्हणजे? थांबणार.”

“मला हे पटत नाही,” ते म्हणाले. पण ते वाद घालणारे नव्हते. नोंदवून ठेवलेल्या स्कूटरसाठी बाजूला ठेवलेले पैसे कपाटातून काढून त्यांनी माझ्या पर्समध्ये घातले. “नंबर लागायला अजून वर्षं आहेत,” म्हणाले. पिशवी भरली, चहा उभ्यानं प्यायले आणि सहाच्या आत निघाले. मी दारात उभी राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते. तेव्हाच पहिल्यांदा माझ्या मनात आलं की आपण चुकलो.

संध्याकाळ सरेना. सात वाजले, गाडी सुटली असेल. आठ वाजले, दौंडजवळ आली असेल. हे पुढे सरकत होते आणि मी चिंचवडच्या खोलीत मोरीपासून खिडकीपर्यंत चालत होते. तांदूळ निवडायला घेतले आणि ठेवून दिले. शेजारच्या काकू, चिंचवडच्या जुन्या गावातल्या, भाकरी घेऊन आल्या. म्हणाल्या, “बस जरा पोरी. चालून काय व्हनार हाय?” मी बसले आणि त्या गेल्याबरोबर उठले. रात्रभर डोळा लागला नाही. विमानाची वेळ साडेसात आहे, आणि ती माझ्या चालण्यानं अलीकडे येणार नाही, एवढं कळण्याइतकं डोकं जागेवर होतं. पण पाय ऐकत नव्हते.

सकाळी साहेबांनी कंपनीची जीप पाठवली. ड्रायव्हर दिघीजवळच्या वाडीतला होता. भोसरीत पहिल्या शिफ्टची माणसं बसच्या रांगेत छत्र्या धरून उभी होती. पुढे दिघीचा लष्करी मुलूख लागला. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण आणि ओलं गवत. एका फाटकापाशी लष्कराच्या ट्रकांचा ताफा रस्ता ओलांडत होता. ड्रायव्हरनं जीप थांबवली. मी ट्रक मोजायला लागले.

“येळ हाय अजून, बाई,” तो म्हणाला. “न्हाई चुकायचं इमान.”

विमान चुकलं नाही, कारण ते आलंच नव्हतं. लोहगावला पोचले तेव्हा कळलं की मुंबईहून यायचं विमान पावसामुळे तिथेच अडकलंय. ते इथे येणार, मग आम्हाला घेऊन परत जाणार. हे मला माहीत असायला हवं होतं. सहा वर्षं मी पुण्याहून विमान सुटतं असं टाइप करत होते. ते सुटायला आधी कुठून तरी यावं लागतं, हे माझ्या पत्रकात कुठेच नव्हतं.

बाकावर बसलेली माणसं वर्तमानपत्र वाचत होती. मी खिडकीपाशी उभी राहिले. आठ वाजले, साडेआठ वाजले. टेबलामागच्या माणसाकडे मी चार वेळा गेले. पाचव्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, “बाई, आलं की दिसेलच तुम्हाला. एवढं मोठं असतं ते.”

“मला मुंबईत साडेअकराचं नागपूरचं विमान घ्यायचंय. वडील आजारी आहेत.”

तो नरम झाला. “दहापर्यंत आलं तर मिळेल,” म्हणाला.

ते दहा वाजून गेल्यावर आलं. चढायला, दारं लावायला, धावपट्टी मोकळी व्हायला वेळ गेला. आम्ही उडालो तेव्हा पावणेअकरा झाले होते. उडणं कसं वाटतं, असं मला नंतर खूप जणींनी विचारलं. कान बंद झाले, खाली हिरवं दिसलं आणि मग ढग. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होती, नऊवारी नेसलेली, मांडीवर स्टीलचा डबा. तिचीही पहिलीच खेप. मुलीच्या बाळंतपणाला चालली होती, जावयानं तिकीट पाठवलं होतं. तिनं डबा उघडून मला डिंकाचा लाडू दिला.

“खा गं. रिकाम्या पोटी भ्या वाटतं,” ती म्हणाली.

“भीती नाही वाटत. उशीर झालाय.”

“मग आता काय, तू ढकलणारेस का त्याला?”

मी लाडू हातात धरून बसले. अर्धा तास झाला तरी आम्ही खाली उतरलो नव्हतो. विमान मुंबईवर गोल गोल फिरत होतं, खाली पाऊस होता, उतरायला परवानगी नव्हती. अकरा पंचवीस. साडेअकरा. अकरा पस्तीसला मी डोळे मिटले, कारण आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आम्ही उतरलो तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. नागपूरचं विमान साडेअकराला वेळेवर गेलं होतं. तेवढं एकच त्या दिवशी वेळेवर गेलं.

पुढचं संध्याकाळी होतं, साडेपाचचं.

मी सांताक्रूझच्या विमानतळावर पाच तास काढले. म्हातारीचा जावई तिला घ्यायला आला होता. जाताना तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि ती गेल्यावर मला एकदम मोकळं रडू आलं. मग तोंड धुतलं आणि दादाला फोन लावायचा प्रयत्न केला. ट्रंक कॉलची नोंद करून मी काउंटरजवळ उभी राहिले. दोन तासांत लाइन लागली नाही. आदल्या दिवशी घरी जाताना मी दादाला तार केली होती की विमानानं एकपर्यंत पोचते. म्हणजे त्यानं बाबांना सांगितलं असणार. म्हणजे ते एकपासून वाट बघत असणार. एक वाजला, दोन वाजले. मी बसले की खुर्ची टोचायची, उभी राहिले की गुडघे दुखायचे. वेळापत्रकाचा फळा बघायला मी इतक्या वेळा गेले की तिथला झाडूवाला मला वाट करून देऊ लागला. साडेचारला मला वाटलं, आता यांची गाडी नागपूरला लागली असेल. हे उतरून टांगा करत असतील आणि मी अजून मुंबईत आहे. काल संध्याकाळी होते त्यापेक्षा मी नागपूरपासून लांबच आहे.

विमान साडेपाचला सुटलं. सव्वा तासच लागला, पत्रकाबरहुकूम. त्या सव्वा तासात मी काय विचार केला ते मला आठवत नाही.

सोनेगाव विमानतळावर उतरून रिक्षा केली आणि धंतोलीतल्या दवाखान्यात पोचले तेव्हा साडेसात झाले होते. वऱ्हांड्यात हे उभे होते. मला बघून ते धावत पुढे आले आणि सगळ्यांच्या देखत माझे दोन्ही दंड धरले. असं ते कधी करत नसत.

“कुठं होतीस तू?” त्यांचा आवाज फाटला होता. “दुपारच्या विमानात तुझं नाव नाही म्हणाले. दादा विमानतळावर जाऊन आला. आम्हाला वाटलं...”

“बाबा?”

“आहेत,” ते म्हणाले. “आहेत. पण...”

वहिनी बाकावर बसली होती. ती उठली, माझी पिशवी घेतली. “काही खाल्लं का दिवसभर?” तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मला खोलीत नेलं.

बाबा पाठीवर पडले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते आणि मी आत येताच ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला ओळखलं. डावा हात चादरीवरून उचलला. ओठ हलले आणि एक आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

तासाभरापूर्वी दुसरा झटका आला होता. तोवर ते बोलत होते. अडखळत, पण बोलत होते.

मी त्यांचा हात धरून बसले. बाहेर आल्यावर यांना विचारलं, “काय बोलले? सगळं सांगा.”

“अगं, दमलीयस. नंतर.”

“आत्ता सांगा.”

हे बाकावर बसले. पाच वाजता ते दवाखान्यात पोचले, तेव्हा दादा विमानतळावर गेलेला. वहिनी घरी डबा करायला गेलेली. खोलीत बाबा एकटे. दोघांची ओळख लग्नापुरती आणि दोन दिवाळ्यांपुरती. यांनी नमस्कार केला. बाबांनी पहिला प्रश्न केला, “ती?”

“येतेय, विमानानं,” हे म्हणाले. त्यांना स्वतःला काही ठाऊक नव्हतं, पण दुसरं काय बोलणार.

“कोणत्या वाटेनं?”

“मुंबईहून.”

बाबा म्हणाले, “म्हणजे आधी उलटी गेली की.”

यांना कळलं नाही. बाबांनी चादरीवर डाव्या हाताचं बोट ठेवलं. हे पुणं. तिथून बोट डावीकडे वर नेलं, ही मुंबई. मग सगळी चादर ओलांडून उजवीकडे आणलं, हे नागपूर. “सरळ आली असती तर सहाशेच्या थोडं वर. शंभरावर उलटी गेली. मग सातशे.” वाक्य पुरं करायला त्यांना खूप वेळ लागला, हे म्हणाले, पण ते थांबायला तयार नव्हते. “पावसात मुंबईहून कोण निघतं? पोरीला एवढं कळू नये?”

“चार तास वाचवायला गेली, बाबा,” हे म्हणाले.

बाबा हसल्यासारखे झाले. त्यानंतर दर थोड्या वेळानं विचारत राहिले, कुठवर आली असेल. हे अंदाजानं काहीतरी सांगायचे. मुंबई सोडली असेल. नाशिकच्या वर असेल. बाबा त्यांना दुरुस्त करायचे. नाशिक नव्हे, औरंगाबादच्या अंगानं येतं ते. साडेसहाच्या सुमारास त्यांनी पुन्हा विचारलं, आणि हे उत्तर देत असतानाच त्यांचं तोंड वाकडं झालं.

मी हिशोब केला. साडेसहाला मी खरंच वाटेत होते, नागपूर अगदी जवळ आलं होतं.

“माझ्याबद्दल काही बोलले? त्या पत्राबद्दल?” मी विचारलं.

“नाही गं,” हे म्हणाले. “तू कुठं आहेस, एवढंच विचारत होते.”

मला हे ऐकायचं नव्हतं. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. दादा आला, त्यानं मला बघून कपाळावर हात मारला, रागावला, मग जवळ घेतलं. मी त्या सगळ्यात उभी होते, पण पायांना अजून कुठेतरी पोचायचं होतं.

बाबा वाचले. महिन्याभरात काठीनं दहा पावलं टाकू लागले. वाचा मात्र आली नाही. होय-नाहीची मान आणि डावा हात, एवढ्यावर त्यांचं चालायचं. मी तीन आठवडे राहून परत आले, आणि ऑक्टोबरात आम्ही दोघं जाऊन त्यांना रेल्वेनं चिंचवडला घेऊन आलो. या खेपेला मी कुणाला काही विचारलं नाही.

ऑफिसात माझं काम पूर्वीसारखंच चालू होतं. फक्त मी पत्रकाला सहावा रकाना पाडला आणि मथळा दिला, घरापासून मुक्कामापर्यंत. दिल्लीसमोर पावणेदोन तासांऐवजी तिथे साडेआठ तास यायला लागले. एका अधिकाऱ्यानं पत्रक परत पाठवलं, हे काय म्हणून. साहेबांनी ते वाचलं, बडीशेप तोंडात टाकली आणि त्यावर सही करून पुन्हा त्यालाच पाठवलं.

घरी बाबांची व्यवस्था अशी लागली की यांनी दुसरी शिफ्ट मागून घेतली. दुपारी दोनला हे निघायचे, मी सहाला यायची. मधले चार तास शेजारच्या काकू दार उघडं ठेवून बसायच्या. “आमी हाय की, जा तुमी,” असं त्या रोज म्हणायच्या, आणि तरी मी रोज बसमध्ये उभी राहून पुढच्या थांब्याकडे मान ताणायची. पिंपरी ते चिंचवड केवढंसं, पण त्या नऊ महिन्यांत मला ते कधी जवळ वाटलं नाही. वाटायचं, आज गेल्यावर काय दिसेल. बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसलेले असायचे. डाळीत मीठ कमी असलं की ताटावर बोट आपटायचे. खिडकी नीट लावली नाही की काठीनं दाखवायचे. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

एका रविवारी हे बाजारात गेले होते. मी चहा घेऊन बाबांसमोर बसले आणि कितीतरी दिवस मनात ठेवलेलं एका दमात बोलून टाकलं. “बाबा, तुम्ही यायचं म्हणालात तेव्हा मी नको लिहिलं होतं. जागा लहान म्हणून नाही. मला तुमचं बोलणं ऐकायचा कंटाळा होता. आणि मग तुम्ही बोलत होतात तेव्हा मी पोचलेच नाही.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले की नुसते ओले होते ते मला कळलं नाही, त्या आजारात डोळे तसेही ओले राहायचे. मग त्यांनी डावा हात उचलून असा झटकला, जसा वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्यावर झटकत असतील, आणि कपाकडे बोट केलं. चहा निवत होता. मी कप त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी सगळा चहा प्यायला आणि बशीत सांडलेलाही मागितला.

पुढच्या जुलैत दादा येऊन त्यांना घेऊन गेला. नातवंडांची आठवण काढून ते रडत असत, मग आम्हीही अडवलं नाही. त्यानंतर वर्षातून दोनदा आम्ही जायचो. बाबा आणखी तीन वर्षं होते.

मेमध्ये एका सकाळी ऑफिसात दादाचा फोन आला. झोपेतच गेले. साहेब तोवर निवृत्त झाले होते, त्यांच्या खुर्चीत एक तरुण मुलगा बसत होता. त्यानं विचारलं, “ताई, विमानाचं बघू का?” मी नको म्हटलं. यांना भोसरीहून बोलावून घेतलं आणि आम्ही जे पहिलं मिळेल त्यात बसलो. शिवाजीनगरहून औरंगाबादची एस.टी., तिथून जालना, तिथून अमरावतीकडची गाडी. कुठेही तासाभरापेक्षा जास्त थांबलो नाही. उन्हानं जीव कासावीस होत होता, पण मी सीटला डोकं टेकून बसले होते. खिडकीतून शेतं मागे जात होती. हे मधूनच विचारायचे, “बरी आहेस ना?” मी मान हलवायची. जालन्याजवळ मला झोपसुद्धा लागली.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो, तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगण धुतलेलं होतं. दादा ओट्यावर डोकं भादरून बसला होता. तो उठला आणि माझ्याकडे बघेना.

“थांबलो असतो गं,” तो म्हणाला. “पण ऊन असं, आणि तुम्ही कधी पोचाल याचा अंदाज नव्हता.”

“बरं केलंस,” मी म्हटलं आणि त्याच्याजवळ ओट्यावर बसले. वहिनीनं पाण्याचा तांब्या आणून मध्ये ठेवला. यांनी वहाणा काढल्या आणि अंगणातल्या नळावर पाय धुतले. ऊन ओट्यावर आलं तरी मला उठावंसं वाटलं नाही.